व्हिसासाठी लांबवलेले निदान

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना पाठवलेल्या एका सूचनेची बातमी सगळीकडे आली. मथळ्यांत मधुमेह आणि लठ्ठपणा होता, त्यामुळे चर्चाही तेवढीच झाली. साखर वाढलेल्या सासऱ्यांना आता ग्रीन कार्ड मिळणार की नाही, असे मलाही दोघा-तिघांनी विचारले. त्याच सूचनेतला एक मुद्दा मात्र मागे राहिला. अर्जदाराच्या कुटुंबात कोणी दिव्यांग, दीर्घकाळ आजारी किंवा विशेष गरजा असलेले आहे का, आणि त्याच्या देखभालीपायी अर्जदाराला नोकरी टिकवणे अशक्य होईल का, हेही व्हिसा अधिकाऱ्याने पाहावे, असे तीत म्हटले होते. ज्यांच्या घरात असे मूल आहे आणि ज्यांची बॅग परदेशासाठी भरायला घेतली आहे, त्यांच्या नजरेतून तो मुद्दा सुटला नाही.

मी सरकारी रुग्णालयात बालरोग विभागात काम करते. परदेशी निघालेली कुटुंबे आमच्याकडे कशाला येतील, असे कोणालाही वाटेल. पण येतात. मुलाचे उपचार शहरातल्या खासगी केंद्रात चालू असले तरी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातच मिळते, त्यामुळे आयटी कंपनीतले आईवडीलही शेवटी आमच्या बाकावर नंबर लावून बसतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्यात दोन तट दिसू लागले आहेत. काही जण प्रमाणपत्र घ्यायला येतात, आणि काही जण ते घ्यावे की नाही हे विचारायला येतात. दुसऱ्या तटातल्यांचे बोलणे आता पाठ झाले आहे. ‘मॅडम, आमची पीआरची फाइल लागली आहे. तेवढं होईपर्यंत रिपोर्टमध्ये ऑटिझम लिहू नका ना. बोलायला उशीर होतोय, एवढंच लिहा.’ त्याहून काळजीचे ते, जे हे सांगायलाही येत नाहीत. अडीच वर्षांचे मूल हाकेला ओ देत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, हे आईला दिसत असते. पण तपासणीच पुढे ढकलली जाते. कागद नसला तर अडचण नाही. तिकडे गेल्यावर दाखवू.

या भीतीला आधार आहे. तो किती आणि कोणत्या देशात, हे मात्र लोकांना नीट ठाऊक नसते. ऐकीव माहितीवर निर्णय होतात, आणि त्याची किंमत मुलाच्या पहिल्या चार-पाच वर्षांतून वळती होते. म्हणून आधी नियम पाहू.

सर्वांत कडक आणि सर्वांत गैरसमजाचा नियम ऑस्ट्रेलियाचा. तिथे व्हिसासाठी ‘आरोग्य अट’ असते. क्षयरोग वगैरे संसर्गाचा भाग समजण्यासारखा आहे. दुसरा भाग पैशांचा. अर्जदाराच्या प्रकृतीमुळे ऑस्ट्रेलियन समाजावर किती खर्च पडेल याचा अंदाज सरकारी वैद्यकीय अधिकारी काढतो, आणि तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला की अर्ज अडतो. ही मर्यादा २०२१ मध्ये ५१ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होती; जुलै २०२४ पासून ती ८६ हजार झाली. रुपयांत हा आकडा पन्नास लाखांच्या घरात जातो आणि ऐकताना पुष्कळ वाटतो. पण कायमच्या व्हिसासाठी, आयुष्यभर राहणाऱ्या अवस्थेचा खर्च दहा वर्षांपर्यंतचा धरतात. म्हणजे वर्षाला साडेआठ हजार डॉलरच्या आसपास. ज्या मुलाला बऱ्यापैकी मदत लागते, त्याचा हिशेब तेवढ्यात बसणे कठीण.

त्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या ऐकून आईवडील अवाक होतात. पहिली, कुटुंबातला एक जण नापास झाला की सगळे नापास. वडील कितीही कुशल असोत, आई नर्स असो, धाकट्या मुलाच्या आरोग्य तपासणीवर चौघांचा अर्ज पडतो. मूल सोबत न नेता आजीकडे ठेवायचे ठरवले तरी बहुधा त्याची तपासणी करावीच लागते, म्हणून तो मार्गही बंद. दुसरी, ‘आम्ही सगळा खर्च स्वतः करू, विमा काढू, सरकारकडे एक पैसा मागणार नाही’ हे सांगून उपयोग होत नाही. हिशेब तुमच्या मुलाचा नसतोच. त्याच अवस्थेच्या, तेवढ्याच तीव्रतेच्या एका काल्पनिक माणसाचा असतो. तुम्ही सेवा वापरणार की नाही हा प्रश्न गौण, ती मिळण्याजोगी आहे एवढे पुरते. काही प्रकारच्या व्हिसांत, विशेषतः कंपनीने बोलावलेल्या, या अटीतून सूट मागता येते. स्वतःच्या गुणांकावर मिळणाऱ्या कायमच्या कौशल्य व्हिसात तशी सोय नाही. आपल्याकडचे एजंट ‘आधी जाऊन तर पोचा’ म्हणतात ते यामुळेच. तात्पुरत्या व्हिसावर सूट मिळते, कुटुंब पोचते, मूल तिथल्या शाळेत रुळते, आणि चार-पाच वर्षांनी कायमच्या अर्जाच्या वेळी तोच हिशेब नव्याने समोर येतो.

२००८ साली व्हिक्टोरिया प्रांतातल्या हॉर्शम या छोट्या गावी एका जर्मन डॉक्टरच्या बाबतीत नेमके हेच झाले. गावाला फिजिशियन मिळत नव्हता, म्हणून त्यांना बोलावले होते. मुलाला डाउन सिंड्रोम असल्यामुळे त्यांचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज फेटाळला गेला. गावाने आवाज उठवला, देशभर गाजले आणि शेवटी मंत्र्यांनी विशेषाधिकार वापरून परवानगी दिली. २०२३ मध्ये पर्थमधल्या एका केरळी कुटुंबाचे प्रकरणही मंत्र्यांच्या दारातच सुटले. तिथेही मुलाला डाउन सिंड्रोमच होता. मधल्या काळात, २०१० मध्ये, तिथल्या संसदीय समितीने हे नियम बदलावेत असा सविस्तर अहवाल दिला होता. मर्यादा वाढत गेली, पण चौकट तीच राहिली. ऑस्ट्रेलियाच्या १९९२ च्या दिव्यांग भेदभाव प्रतिबंधक कायद्यातून स्थलांतर कायद्याला सरळ वगळलेले आहे, आणि दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००८ मध्ये मान्य करतानाही त्यांनी आरोग्य अटीला धक्का लागणार नाही असे निवेदन जोडले. एक डॉक्टर म्हणून मला या हिशेबात एक रकाना कायम रिकामा दिसतो. मुलाचा दहा वर्षांचा खर्च धरला जातो, पण त्याच्या आईवडिलांनी त्या दहा वर्षांत भरायचा कर आणि तपासायचे रुग्ण धरले जात नाहीत.

कॅनडाचे नाव लोक याच दमात घेतात, आणि तिथेच चूक होते. कॅनडाच्या कायद्यातही ‘अवाजवी भार’ नावाची अट आहे. पण २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या दोन प्रकरणांत ठरवले की प्रत्येक कुटुंबाचा वेगळा विचार करायला हवा आणि खर्च उचलण्याची त्यांची तयारीही पाहायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या काल्पनिक माणसाच्या अगदी उलट. पुढे २०१६ मध्ये कोस्टारिकाहून आलेल्या एका विद्यापीठ प्राध्यापकाच्या मुलाचे प्रकरण गाजले आणि एप्रिल २०१८ मध्ये सरकारने धोरण बदलले. खर्चाची मर्यादा तिप्पट केली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विशेष शिक्षण, पुनर्वसनाच्या सामाजिक सेवा आणि वैयक्तिक मदतनीस यांचा खर्च हिशेबातून काढून टाकला. २०२२ मध्ये हा बदल नियमांत कायम झाला. २०२५ साठीची मर्यादा वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर होती, म्हणजे सोळा-सतरा लाख रुपये. ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या, पण महागडे औषध किंवा सततची वैद्यकीय सेवा न लागणाऱ्या मुलाला आता ही अट सहसा आडवी येत नाही. येते ती वेगळ्या मुलांना. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीची औषधे, हिमोफिलियाची इंजेक्शने ही एका वर्षातच ती मर्यादा ओलांडतात. अर्ज फेटाळण्याआधी एक पत्र येते आणि उत्तराला ९० दिवस मिळतात. त्या उत्तरात डॉक्टरच्या अहवालाला खरोखर वजन असते.

म्हणजे २०१७ मध्ये गेलेल्या मित्राचा अनुभव आज कॅनडासाठी निरुपयोगी आहे. तरीही माझ्याकडे येणारे निम्मे आईवडील तोच अनुभव घेऊन येतात आणि त्यावर मुलाची तपासणी थांबवून बसतात.

न्यूझीलंडचे थोडक्यात सांगते. तिथली खर्चमर्यादा २०२२ मध्ये ४१ हजारांवरून ८१ हजार न्यूझीलंड डॉलर झाली, पण ज्या अवस्थांना मुळातच मोठा खर्च येतो असे मानले जाते त्यांची वेगळी यादी आहे आणि तीव्र विकासात्मक विकार तीत येतात. आखाती देशांत हा हिशेब नाही. तिथे वास्तव्यच नोकरीला बांधलेले असते, परदेशी मुले बहुतेक खासगी शाळांत जातात आणि मदतनीस शिक्षिकेचा खर्च अनेकदा पालकांच्याच खिशातून होतो.

ब्रिटन आणि अमेरिका यांनी मुलाच्या खर्चाचा असा आकडा दाराशी लावलेला नाही, म्हणून ती सोपी वाटतात. तिथला प्रश्न आत गेल्यावर सुरू होतो. ब्रिटनमध्ये क्षयरोगाची तपासणी आणि आरोग्य अधिभार भरला की एनएचएस खुली होते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार विशेष गरजेच्या मुलासाठी शिक्षण, आरोग्य आणि काळजी यांचा एकत्रित आराखडा मिळू शकतो, आणि गरज असेल तोवर वयाच्या पंचविशीपर्यंत. तो वीस आठवड्यांत द्यायचा असतो. अलीकडच्या वर्षांत जेमतेम निम्मे आराखडे मुदतीत निघाले आहेत. दिव्यांग मुलाला मिळणारा भत्ता मात्र तात्पुरत्या व्हिसावरच्या कुटुंबाला सहसा मिळत नाही. सार्वजनिक निधीवर हक्क नाही, असे व्हिसावरच लिहिलेले असते. आणि केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना मार्च २०२४ पासून कुटुंब सोबत नेताच येत नव्हते, ही गोष्ट एजंटला पैसे देऊन झाल्यावर कळलेल्या दोघीजणी मला भेटल्या आहेत.

अमेरिकेच्या शाळांचे कौतुक खरे आहे, आणि ते करताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही. १९७५ पासून तिथे कायदा आहे की दिव्यांग मुलाला सरकारी शाळेने विनामूल्य, त्याला योग्य असे शिक्षण द्यायचे. तीन वर्षांपासून साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. पालकांची संमती मिळाल्यापासून साठ दिवसांत मूल्यमापन, मग लेखी वैयक्तिक आराखडा, त्यात स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, गरज असेल तर मदतनीस आणि बस. पालक सहमत नसतील तर दाद मागण्याची सोय. व्हिसा कुठला, हे शाळा विचारत नाही. नांदेड, धुळे, गडचिरोली सोडा, पुण्यातसुद्धा जे पालक शाळेच्या फाटकावरून ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे ऐकून परतले आहेत, त्यांना हा आराखडा म्हणजे चमत्कार वाटला तर नवल नाही. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली, शाळांवर जबाबदारी टाकली. कागद चांगला आहे. विशेष शिक्षक किती शाळांत आहे, हे विचारू नये.

तरीही एच-१बी व्हिसावर जाणाऱ्या भारतीय कुटुंबाला मी एक आकडा वहीत लिहून ठेवायला सांगते. एकवीस. त्या वयात दोन घड्याळे एकाच वेळी थांबतात. शाळेचा हक्क संपत येतो, आणि आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेला एच-४ दर्जाही संपतो. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग अनेक प्रवर्गांत दशकाहून मोठी आहे. सहा वर्षांचे मूल घेऊन गेलेले कुटुंब मूल एकवीसचे होईपर्यंत रांगेतच असू शकते. इतर मुले तेव्हा विद्यार्थी व्हिसावर जातात, नोकरी धरतात. जे मूल स्वतंत्रपणे महाविद्यालयात जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी कुठलाही सरळ दर्जा उरत नाही. शाळेबाहेरची मदत, म्हणजे घरी येणारा मदतनीस, प्रौढांसाठीची केंद्रे, ही मुख्यतः मेडिकेडमधून येते. व्हिसावरच्या कुटुंबाला ती बहुधा मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांनाही अनेक राज्यांत वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि राज्य बदलले की रांग पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांनी टेक्सासहून न्यू जर्सीला बदली होणाऱ्या आपल्या इंजिनियरला हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाची गोष्ट अर्थात वेगळी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. निदान लपवून काय मिळते? कॅनडात खोटी किंवा अपुरी माहिती दिल्याचे ठरले तर पाच वर्षे अर्ज करता येत नाही, ऑस्ट्रेलियात तीन वर्षे. वैद्यकीय तपासणी त्या देशाने नेमलेला डॉक्टरच करतो; माझ्या किंवा कुणाच्या पत्राने ती टळत नाही. चार वर्षांचे न बोलणारे मूल त्याच्या खोलीत पाच मिनिटे वावरले की त्याला जे कळायचे ते कळते. मग ‘बोलायला उशीर’ एवढेच लिहिलेला कागद मदत करत नाही, उलट संशय वाढवतो. म्हणून मी तसे लिहून देत नाही. दोन वर्षांच्या मुलाबाबत चित्र खरोखर अस्पष्ट असेल तर ‘विकासात विलंब’ हा प्रामाणिक शब्द आहे आणि तो मी वापरते. पाच वर्षांच्या मुलाबाबत तो प्रामाणिक राहत नाही.

पण दंडापेक्षा मला वाया गेलेला काळ मोठा वाटतो. ऑटिझमची प्राथमिक चाचणी १८ आणि २४ महिन्यांना करावी, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. अमेरिकेतल्या २०२२ च्या पाहणीत आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम आढळला; म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. भाषा, नजर, खेळ, दुसऱ्याचे अनुकरण हे सगळे मेंदू सर्वांत लवचीक असताना शिकवायला घेतले तर पुढे मदत कमी लागण्याची शक्यता वाढते. आणि मदत किती लागते यावरच तर ऑस्ट्रेलियाचा अधिकारी खर्चाचा आकडा मांडतो! पीआरसाठी दोन वर्षे थेरपी थांबवणारे कुटुंब पीआरच्या दृष्टीनेही स्वतःचे नुकसानच करत असते. कॅनबेरातल्या कार्यालयात बसून नियम लिहिणाऱ्याला कदाचित सुचलेही नसेल की त्याचा परिणाम महाराष्ट्रातल्या एका बाह्यरुग्ण विभागात होतो, आणि तोही अशा मुलांवर, ज्यांच्यातली अनेक ऑस्ट्रेलियाला कधी जाणारच नाहीत. कारण अर्ज रखडतो, नोकरी बदलते, बेत बारगळतो. निदान तेवढे तीन वर्षे मागे गेलेले असते.

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात मे २०२३ मध्ये स्थलांतर आणि गतिशीलतेचा करार झाला. अशा वाटाघाटींत पदव्यांची मान्यता, विद्यार्थ्यांची संख्या, व्यावसायिकांचे कोटे यांवर आपली मंडळी तावातावाने बोलतात. कुशल कामगाराच्या मुलाला काल्पनिक माणूस समजू नये, कॅनडासारखे निदान विशेष शिक्षण तरी हिशेबातून वगळावे, ही मागणी भारताने करायला काही हरकत नाही. डॉक्टर, नर्स आणि अभियंते आपण देतो. मागायचा हक्क आहे.

ज्यांचे जायचे नक्की आहे त्यांच्यासाठी कागदांविषयी थोडे. आपल्या प्रमाणपत्रावरचा टक्क्याचा आकडा सवलतींसाठी असतो. सत्तर टक्के म्हणजे मूल काय करू शकते, हे त्यातून कळत नाही, आणि परक्या देशातला अधिकारी तो आकडा फार भयंकर समजू शकतो. आपल्याकडे वापरली जाणारी आयसा ही ऑटिझमची मोजपट्टीही तिकडे कोणी ओळखत नाही. म्हणून सोबत एक कार्यक्षमतेचा अहवाल हवा. मूल स्वतः जेवते का, शौचाला सांगते का, किती शब्द, किती वेळ बसते, कशाने बिथरते, कशाने शांत होते, हे साध्या इंग्रजीत, टाइप केलेले, तारखेसह. शक्य असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने असे दोन अहवाल. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक अधिकाऱ्यालाही दिसतो आणि नव्या शाळेतल्या शिक्षिकेलाही. तिकडची शाळा स्वतःचे मूल्यमापन करणारच, पण कोऱ्या पाटीपेक्षा हे बरे.

भाषेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते, कारण उलट सल्ला सर्रास दिला जातो. ‘आता घरात मराठी बंद करा, मूल गोंधळेल, फक्त इंग्रजी बोला.’ दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचा भाषाविकास मागे पडतो, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. बंद होते ती आईची सहज बोली. मोडक्या इंग्रजीत आई मुलाशी कमी बोलते, अंगाईगीत म्हणत नाही, चिडवत नाही. आजीचा व्हिडिओ कॉल मुका होतो. परदेशात आधीच हाताखालचे हात गेलेले असतात. आजी, मामी, शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, या सगळ्यांच्या जागी एकटी आई उरते, आणि काही अवलंबित व्हिसांवर तिला नोकरीही करता येत नाही. आईच्या झोपेविषयी आणि मनःस्थितीविषयी मी निघण्याआधीच विचारते. उत्तर बहुधा मुलाचे वडील देतात.

लसी आणि औषधे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नयेत. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, कांजिण्यांचीही नसते. अमेरिकेतल्या शाळा एमएमआरचे दोन डोस मागतात आणि पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला, म्हणजे आपला नवव्या महिन्याचा डोस, मोजत नाहीत. एमएमआरने ऑटिझम होतो या भीतीने काही पालक इथे कचरतात. ज्या निबंधातून ती भीती १९९८ मध्ये सुरू झाली, तो ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला आहे. फिट्सचे औषध चालू असेल तर किमान तीन महिन्यांचा साठा, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी सोबत हवी, आणि तो हातातल्या बॅगेत, सामानात नव्हे. क्लोनाझेपामसारखी गुंगीच्या गटातली किंवा मिथाइलफेनिडेटसारखी एकाग्रतेची औषधे असतील तर ती त्या देशात चालतात का, हे आधी तपासावे. संयुक्त अरब अमिरातीत अशा औषधांना पूर्वपरवानगी लागते आणि विमान तिथे बदलत असाल तरी चौकशी केलेली बरी. एमएमआरच्या दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर लागते, तेव्हा ही सगळी जुळवाजुळव तिकिटाच्या तारखेआधी तीन महिने तरी सुरू झालेली असावी.